इंजिनाला गाळणी, माणसाला रुमाल

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीज यांवर सकाळपासून बोलणे झाले आहे. जेवणानंतरही तेच होणार आहे, आणि व्हायलाच पाहिजे. मधला थोडा वेळ मला द्या. मला हवेच्या गाळणीवर बोलायचे आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत काही मंडळी हसली. हरकत नाही. शेवटी हिशेब मांडू तेव्हा ध्यानात येईल, की हाही खर्चाचाच विषय आहे आणि तो खर्च आपण आजवर कुणाच्या नावावर टाकला नाही.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे किंवा विहिरीवर डिझेल इंजिन होते, त्यांना एक प्रश्न. इंजिनाला एक डबा असतो, त्याला आपण एअर क्लीनर म्हणतो. जुन्या इंजिनाला तेलाचा, नव्याला कागदाचा. उन्हाळ्यात नांगरट चालू असली की तेलाच्या डब्यात गाळ साचतो. शहाणा मालक तो डबा रोज उघडून पाहतो. का पाहतो? कारण धूळ सिलिंडरमध्ये गेली की रिंगा झिजतात, लायनर झिजते, इंजिन ऑइल प्यायला लागते आणि मग मेस्त्री जे बिल देतो ते भरताना घाम फुटतो. त्या बिलाची धास्ती असते, म्हणून गाळणी साफ राहते.

आता जरा आकडे मांडू. एक लिटर डिझेल जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. पाठीवर पंप घेऊन कपाशीत चालणारा माणूस मिनिटाला वीस-पंचवीस लिटर हवा ओढतो. आठ तासांचे दहा-बारा हजार लिटर झाले. म्हणजे एका लिटर डिझेलमागे इंजिन जेवढी हवा घेते, साधारण तेवढीच हवा दिवसभर फवारणी करणाऱ्या माणसाच्या छातीत जाते. त्या एका लिटरसाठी कंपनीने इंजिनाला गाळणी बसवून दिली. माणसाला काय दिले? गळ्यातला रुमाल. तोही त्याचा स्वतःचाच.

चाळणी वेगळी, गाळणी वेगळी

गाळणी म्हटले की डोळ्यांपुढे पिठाची चाळणी येते. भोकापेक्षा मोठे ते वर राहते, बारीक ते खाली जाते. हवेच्या गाळणीचे काम इतके सरळ नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. नाकातले केस आणि शेंबूड मोठी धूळ अडवतात. दहा मायक्रॉनहून बारीक धूळ खाली उतरू लागते आणि दोन-अडीच मायक्रॉनची धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. रुमालाच्या विणीतली भोके याच्या कितीतरी पट मोठी असतात. त्यातून ही धूळ जाते ती वेशीतून म्हैस जावी तशी, सहज.

मग चांगला मुखवटा तिला अडवतो कसा? कडब्याची गंजी आठवा. गंजीत वारा शिरतो, पण त्याला धांड्याधांड्याला वळसे घालावे लागतात. जड कण वळणावर वळू शकत नाही, तो धांड्याला आदळतो आणि चिकटतो. अगदी हलका कण हवेत थरथरत असतो, तो भरकटत जाऊन कुठेतरी टेकतो. मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा कण सगळ्यांत लबाड. तो आदळतही नाही आणि भरकटतही नाही. म्हणून गाळणीची परीक्षा त्याच्यावर घेतात. कोरोनाच्या दिवसांत ‘एन ९५’ हे नाव घराघरांत पोहोचले. त्याचा अर्थ एवढाच, की या आकाराचे शंभरातले निदान पंचाण्णव कण तो अडवतो. त्याच्या तंतूंना विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे कण ओढले जातात. साबणाने धुतला की तो भार जातो. मुखवटा दिसायला स्वच्छ होतो, कामाचा राहत नाही.

हे झाले धुळीचे. वाफेचे काय? वाफ म्हणजे कण नव्हे. ती हवेसारखीच असते आणि हवा जिथून जाते तिथून तीही जाते. गंजी कितीही दाट रचा, वाफ आरपार. तिच्यासाठी कोळसा लागतो, तोही चुलीतला नाही. वाफ देऊन किंवा रसायनाने फुलवलेला, ज्याला सक्रिय कोळसा म्हणतात तो. त्याच्या एका ग्रॅममध्ये इतकी बारीक छिद्रे असतात, की सगळी आतली भिंत पसरली तर पाचशे चौरस मीटरच्या वर जागा भरते. गुंठ्यात सांगायचे तर एका ग्रॅमात पाच गुंठे. आठ ग्रॅम कोळसा, म्हणजे चिमूटभर वस्तू, आणि आत एकरभर रान. त्या रानावर वाफेचे रेणू जाऊन बसतात. रान भरले की पुढची वाफ सरळ नाकात.

एवढी एक गोष्ट आज घरी घेऊन गेलात तरी माझे काम झाले: आधी विचारा, अडवायचे काय आहे, धूळ की वाफ? धुळीची गाळणी वाफेला चालत नाही आणि नुसता कोळसा बारीक धुळीला चालत नाही.

परळीची चिमणी

आता मोठी गाळणी पाहू. परळीचे औष्णिक वीज केंद्र बीड जिल्ह्यात आहे, पण त्याला पाणी आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, गोदावरीचे जाते. २०१३ च्या दुष्काळात पाणी संपले तेव्हा ते केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत.

असा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला साधारण चार हजार टन कोळसा जाळतो. आपल्या देशातल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. म्हणजे एका संचाची दिवसाला बाराशे ते सोळाशे टन राख. त्यातली बहुतेक पिठासारखी बारीक असते आणि धुराबरोबर चिमणीकडे धावते. ती सगळी बाहेर पडली असती तर परळीच्या आसपास हिरवे पान दिसले नसते.

तिला अडवायला चिमणीच्या अलीकडे विजेची गाळणी असते. मोठमोठे लोखंडी पत्रे उभे टांगलेले, मध्ये तारा, आणि तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब. धूर मधून जातो, राखेच्या कणाला विजेचा भार बसतो आणि तो पत्र्याला जाऊन चिकटतो. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि राख खाली पडते. आपल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे ही राख विजेला दाद देत नाही. म्हणून आपल्याकडे हे यंत्र परदेशापेक्षा मोठे बांधावे लागते.

इथे टक्क्यांची गंमत पाहा. एका संचाची हजार टन उडती राख धरा. गाळणी ९९ टक्के काम करते म्हटले की आपल्याला वाटते, आणखी काय पाहिजे! पण शंभरातला एक भाग म्हणजे दिवसाला दहा टन राख आकाशात. गाळणी ९९.९ टक्के चालली तर एक टन. कागदावर फरक एका टक्क्याहूनही कमी, शेतावर फरक दहापट. म्हणून कुणी अधिकारी ‘नव्व्याण्णव टक्के’ सांगून गेला तर उरलेल्या एकाचे वजन विचारा.

आणखी दोन गोष्टी. ही गाळणी राख पकडते, गंधकाचा वायू पकडत नाही. पुन्हा तेच, धूळ वेगळी आणि वायू वेगळा. आणि पकडलेली राख नाहीशी होत नाही. ती तळ्यात सोडतात, किंवा सिमेंट आणि विटांसाठी ट्रकांतून नेतात. ट्रक उघडे गेले की रस्त्याकाठच्या कपाशीवर तीच राख पुन्हा बसते. चिमणीत कोट्यवधींची गाळणी बसवायची आणि ट्रकावर ताडपत्री टाकायची नाही, याला काय म्हणावे?

ही गाळणी आली कुठून?

या विजेच्या गाळणीचा इतिहास शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. फ्रेडरिक कॉट्रेल नावाचा अमेरिकेतला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने कॅलिफोर्नियात गंधकाम्लाचा धूर पकडण्यासाठी हे यंत्र केले आणि १९०८ साली त्याचे पेटंट घेतले. पण यंत्र सापडले म्हणून कारखानदार ते बसवतो असे नाही. बसवायला पैसे लागतात आणि धूर फुकट सोडता येतो.

त्याच कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा होत्या आणि बागांना लागून सिमेंटचे कारखाने उभे राहिले. सिमेंटची भुकटी झाडांच्या पानांवर बसे, दव पडले की तिचा थर घट्ट होई. बागायतदार कोर्टात गेले. कारखान्याने सांगितले, की आमचे भांडवल केवढे, आमच्याकडे कामगार किती, चार बागांसाठी कारखाना बंद करायचा का? कोल्टन गावाजवळच्या अशाच एका खटल्यात १९११ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यावरची बंदी स्थगित करायला नकार दिला. एकाचे नुकसान थोडे आणि दुसऱ्याचा धंदा मोठा, एवढ्या कारणावर थोडे नुकसान होणाऱ्याची मालमत्ता मोठ्याला देता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. त्याच सुमारास शेजारच्या रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्यालाही संत्रेवाल्यांच्या दाव्यांनी जेरीस आणले होते. तिथे कॉट्रेलचे यंत्र बसले आणि पुढे ते जगभरच्या सिमेंट कारखान्यांत आणि वीज केंद्रांत गेले.

म्हणजे शास्त्रज्ञाने यंत्र शोधले, पण ते बसवले शेतकऱ्याच्या दाव्याने. धूर सोडण्याची किंमत कारखान्याच्या खात्यावर चढली त्या दिवशी गाळणी परवडू लागली. इंजिनाचेही तेच. बिल मालकाला येते, म्हणून गाळणी साफ राहते. बिल ज्याच्या दारात जाते, त्याच्या दारात गाळणी लागते.

जिनिंगमधली वावटळ

आता आपल्या मानवत-सेलूकडे येऊ. जिनिंगमध्ये कापूस जातो तेव्हा त्यात पालापाचोळा, नख्या आणि माती असते. त्याबद्दल आपल्याला भावात कट्टी लागते, ते वेगळे. आत कापूस हवेच्या जोराने नळ्यांतून ओढतात आणि सगळी घाण त्या हवेत मिसळते.

ही हवा बाहेर सोडण्याआधी तिला पत्र्याच्या नरसाळ्यात गोल फिरवतात. त्याला सायक्लोन म्हणतात. वैशाखात शिवारात वावटळ उठते, तिला पत्र्यात कोंडले असे समजा. हवा जोरात गरगरते, जड कण बाहेर फेकले जाऊन पत्र्यावर घासत खाली उतरतात आणि स्वच्छ झालेली हवा मधून वर निघते. आत हलणारा एकही भाग नाही, झिजायला काही नाही, स्वस्त आणि दणकट. पण वावटळीला मोठे कण कळतात. पाच-दहा मायक्रॉनच्या खालची धूळ तिच्या हाती फारशी लागत नाही. ती पकडायला पुढे कापडी पिशव्यांची गाळणी जोडावी लागते. तिच्यात बहुतेक सगळे अडकते, मात्र पिशव्या वेळच्या वेळी झटकाव्या आणि बदलाव्या लागतात. बदलायला पैसे लागतात, म्हणून फाटक्या पिशव्या तशाच लोंबकळतात.

२००० साली केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातला एक भाग जिनिंग-प्रेसिंग सुधारण्याचा होता. रुई स्वच्छ मिळावी हा हेतू, आणि तो चांगलाच. रुईतला कचरा गिऱ्हाईक मोजतो, म्हणून तो कमी झाला. कामावरच्या बाईच्या छातीतला कचरा कुणी मोजत नाही. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना छाती आवळण्याचा आजार होतो, त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सूतगिरणीच्या पिंजण खात्यात तो जुना आहे. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दम जास्त लागतो. धूळ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्या, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ नेच सांगून ठेवले होते. आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या. धूळ जुनीच आहे.

जिनिंगमध्ये काम करतात त्या कोण? आपल्याच घरातल्या, कोरडवाहू रानात दिवाळीनंतर काम संपले म्हणून तिकडे जाणाऱ्या आयाबहिणी. तोंडाला पदर बांधून. पदराचे काय होते ते मघाशी सांगितले.

ज्वारीच्या मळणीचेही तसेच. मळणी यंत्रापुढे उभा राहणारा गडी रात्री खोकतो आणि अंग खाजवतो. त्या कामाला धुळीचा साधा मुखवटा पुरतो, मात्र तो खरा पाहिजे. त्यासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. ९४७३. पाकिटावर हा आकडा आणि ‘एफएफपी २’ असे लिहिलेले पाहून घ्या.

आणि आता फवारणी

आपण विषाला औषध म्हणतो. शब्द तोंडात इतका बसला आहे, की मीही तो वापरतो. पण पिकाचे औषध हे माणसाचे विष आहे, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने दाखवून दिले. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

त्या साली काय घडले होते? कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, दाट. पंप डोक्याच्या वर धरून मारावा लागे. नव्या पॉवर पंपांनी थेंब इतके बारीक केले, की फवारा खाली बसेना, धुक्यासारखा तरंगू लागला. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. वर कडक ऊन. फवारणारा स्वतःच्याच धुक्यातून चालत होता. यवतमाळ काही परमुलूख नाही. तीच कपाशी, तीच औषधे, तेच पंप आणि तेच ऊन आपल्या जिंतूर-पाथरीतही आहे.

या धुक्यात दोन्ही गोष्टी असतात, बारीक थेंबही आणि वाफही. म्हणून त्याला दुहेरी गाळणी लागते: पुढे थेंब अडवणारी तंतूंची, मागे वाफ शोषणारी कोळशाची. अशा मुखवट्याला बाजूला एक किंवा दोन डब्या असतात, त्यांना कार्ट्रिज म्हणतात. युरोपीय पद्धतीच्या डबीवर सेंद्रिय वाफेसाठी तपकिरी पट्टा आणि ‘ए’ अक्षर असते, कणांसाठी पांढरा पट्टा आणि ‘पी’ अक्षर. दोन्ही पट्टे पाहिजेत. औषधाच्या खोक्याबरोबर फुकट मिळणारा पातळ पांढरा कापडी मुखवटा यातले काहीच करत नाही. रुमाल तर त्याहून वाईट. तो फवाऱ्याने भिजतो आणि मग तेच विष दिवसभर नाकाला लावून ठेवतो.

हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, त्याखाली १९७१ चे नियम आहेत. त्यातला चाळिसावा नियम श्वासाच्या साधनांचा. विषारी धूळ, वाफ किंवा वायू छातीत जाऊ नये म्हणून काम करणाऱ्याने काय वापरावे, त्याची यादीच त्यात आहे. यादीत पहिलेच नाव रासायनिक कार्ट्रिजच्या मुखवट्याचे आहे. त्या यादीत रुमाल नाही. नियम झाला त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. आता तुम्हीच आठवून सांगा, की तुमच्या गावच्या कृषी सेवा केंद्रात कार्ट्रिजचा मुखवटा शेवटचा कधी पाहिलात? औषधाच्या दीडशे बाटल्या मांडलेल्या असतात. नियमाने सांगितलेली गाळणी तालुक्यातही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, नाहीतर मुखवटा बांधून कुणी निर्धास्त व्हायचा. शेतावरच्या फवारणीत विष सगळ्यांत जास्त जाते ते कातडीतून. भिजलेला सदरा, गळका पंप, उघडे हात, उघडे पाय. मुखवटा नाक सांभाळतो, हातमोजे आणि अंगभर कपडे उरलेले अंग सांभाळतात. आणि सगळ्यांत धोक्याची वेळ फवारणीची नसून कालवण्याची आहे. तेव्हा औषध निव्वळ असते आणि आपण वाकून त्याच्यावर तोंड धरतो.

बंद पडलेली गाळणी

गाळणी असणे आणि गाळणी चालणे यांत किती अंतर असते, हे सांगायला भोपाळइतके मोठे उदाहरण नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. त्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट साठवले होते ते कशासाठी? कार्बारिल नावाचे कीटकनाशक करायला. आपण ‘सेव्हिन’ म्हणून कपाशीवर ज्याची भुकटी धुरळत होतो ते. २०१८ साली सरकारने त्यावर बंदी घातली.

टाकीतून वायू निसटलाच तर तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन काढायचे यंत्र त्या कारखान्यात होते. त्यातूनही सुटलेला वायू उंचावर जाळून टाकायचा मनोरा होता. टाकी गार ठेवायची व्यवस्था होती. त्या रात्री धुणारे यंत्र चालू अवस्थेत नव्हते, मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि टाकी गार ठेवणे आधीच बंद केले होते. शिवाय ते धुणारे यंत्र एवढ्या मोठ्या लोंढ्यासाठी बांधलेलेच नव्हते. साधारण चाळीस टन वायू गावावर गेला आणि हजारो माणसे मेली. तपासणीच्या कागदावर गाळणी होती. हवेच्या वाटेत नव्हती.

आपल्या मुखवट्याचेही असेच होऊ शकते. डबी पाकिटातून काढली की कोळसा हवेतले सगळे शोषू लागतो, मुखवटा खुंटीला टांगलेला असला तरी. म्हणून काम संपले की डबी घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत बंद करा. ती औषधाच्या खोलीत ठेवू नका. कंपनीने दिलेली मुदत पाळा. वास आला, चव आली किंवा श्वास जड झाला तर डबी त्याच क्षणी बदला. पण वासाच्या भरवशावर थांबू नका, कारण काही औषधांना वासच नसतो. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा गालाला बसत नाही आणि फटीतून हवा आत येते. डब्यांवर तळहात दाबून श्वास ओढा. मुखवटा चेहऱ्याला चिकटला तर बसला, नाहीतर पट्टे आवळा.

करायचे काय?

पहिली गोष्ट, घरची. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करायची, वारा पाठीशी घ्यायचा, कपाशी डोक्याच्या वर गेली असेल तर तिच्यात शिरायचे नाही. उन्हात मुखवटा घालून काम होत नाही ही तक्रार खरी आहे, त्याचेही उत्तर वेळ बदलण्यात आहे. लाल त्रिकोणाचे औषध जहाल विषाचे, ते शक्यतो घ्यायचेच नाही. घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे किंवा अंग थरथरणे सुरू झाले तर काम सोडा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाची बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरला विष ओळखता येईल.

दुसरी गोष्ट, गावची. प्रत्येकाने मुखवटा घ्यावा असे म्हटले तर कुणीच घेणार नाही. गटाने मिळून घ्या. मात्र डब्या आणि तोंडावरचा भाग ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. आणि एक ठरवा, की मजुराला फवारणीला बोलावले तर मुखवटा आणि हातमोजे मालकाने द्यायचे. आपण कारखान्याकडे बोट दाखवतो तेव्हा आपल्या बांधावर आपणही कारखानदारच असतो, हे विसरून चालणार नाही. यवतमाळला गेलेल्यांत शेतमजूर होते.

तिसरी गोष्ट, बाजारची. जो दुकानदार औषध विकतो त्याने चाळिसाव्या नियमातली गाळणीही दुकानात ठेवली पाहिजे, ही मागणी प्रत्येक तालुक्यात कृषी अधिकाऱ्यासमोर लेखी द्यायची. जिनिंगच्या मालकाला विचारायचे, की सायक्लोनच्या पुढे पिशव्या आहेत का, आणि असतील तर शेवटच्या कधी बदलल्या. कापूस आपला आहे, विचारायचा हक्कही आपला आहे.

चौथी गोष्ट, हिशेबाची, जी सुरुवातीला राखून ठेवली होती. हमीभावासाठी कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा त्याच्या तक्त्यात माणसांची मजुरी असते, बैलांची मजुरी असते, यंत्र, बियाणे, खत, कीटकनाशक, पाणी, व्याज आणि घसारा असतो. कीटकनाशकाचा रकाना आहे, पण ते फवारताना नाकावर काय होते त्याचा रकाना नाही. घसारा औजारांचा धरतात. छातीचा घसारा कोण धरतो? तो आपण धरतो, दवाखान्याच्या पावतीवर, सावकाराच्या वहीत. म्हणूनच आपल्या दारात गाळणी आली नाही. बिल आपल्याकडे येते, पण ते आपण कुणाला दाखवत नाही.

संत्रेवाल्यांनी आपले बिल कारखान्याच्या टेबलावर ठेवले, तेव्हा चिमणीत पत्रे लागले. आपणही ठेवू. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर तीन रकाने असावेत: या हंगामात गावात किती जणांनी फवारणी केली, त्यातल्या किती जणांकडे कार्ट्रिजचा मुखवटा होता आणि किती जणांना दवाखान्यात जावे लागले. नावे नकोत, फक्त आकडे. ज्या दिवशी सगळ्या जिल्ह्याचे कागद एका गठ्ठ्यात बांधले जातील, त्या दिवशी आपल्याला अर्जविनंती करावी लागणार नाही. आपण तो गठ्ठा कलेक्टर कचेरीत नेऊन ठेवू आणि पावती घेऊन परत येऊ.